मराठीत पुराण लिहिणाऱ्या या इंग्रजाने कोकणी क्रियापदांचा हिशेबही मांडून ठेवला होता

महिन्याची सात तारीख उलटली की शिरवणे एमआयडीसीत चहाच्या टपरीवर एकच विषय असतो. पगार झाला का? झाला असता तर वाण्याची उधारी फिटली असती. कालच व्हायला पाहिजे होता. निदान उद्या तरी व्हावा.

आता यातली गंमत बघा. ज्याची एवढी वाट बघितली जाते तो ‘पगार’ मुळात मराठी शब्दच नाही. तो आला पोर्तुगीजांकडून. त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे चुकते करणं. म्हणजे आपल्याकडे जे नाम आहे, ते तिकडे क्रियापद आहे. शेजारच्या स्पॅनिशमध्येही हेच क्रियापद, त्याच स्पेलिंगने. दोघांचं मूळ लॅटिनमधलं ‘पाकारे’, अर्थ शांत करणं. ज्याचं देणं लागतो त्याला शांत करायचं, म्हणून पैसे द्यायचे. टपरीवरच्या कोणालाही हे पटेल.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. झाला असता तर, व्हावा, व्हायला हवा होता, ही जी न घडलेल्या गोष्टींची भाषा आपण चहाच्या घोटाबरोबर सहज बोलून जातो, तिथेच स्पॅनिश शिकणाऱ्याला घाम फुटतो. या प्रकरणाचं नाव इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह. जुईनगर स्टेशनवरून लोकल पकडून, कानात हेडफोन घालून ॲपवर स्पॅनिश शिकणारी पोरं नमस्कार-चमत्काराचे धडे पटापट उरकतात आणि इथे आली की अडतात.

परक्या भाषेत क्रियापदापाशी घोडं अडणं ही काही आजची गोष्ट नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी एक इंग्रज तरुण बरोबर उलट्या बाजूने याच भिंतीवर येऊन आदळला होता. लॅटिन येणारा, पोर्तुगीज बोलणाऱ्यांमध्ये राहणारा हा माणूस आपल्या किनाऱ्यावरची भाषा शिकायला बसला होता. त्याने ती भाषा शिकली, तिच्यात लिहिलं आणि नंतर येणाऱ्यांसाठी तिच्या नियमांचं पुस्तकही करून ठेवलं.

त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. मराठी साहित्याच्या इतिहासात ‘क्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स म्हणून आपण त्यांना ओळखतो. पुराणाबद्दल बरंच बोललं जातं. त्यांच्या व्याकरणाची गोष्ट मात्र मागेच राहते.

इंग्लंड सोडावं लागलं कारण...

थॉमसचा जन्म साधारण १५४९ चा. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात बुश्टन नावाचं खेडं आहे, तिथला. वडील व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. थॉमस विंचेस्टरच्या शाळेत शिकला. त्या काळी अशा शाळांमध्ये शिक्षण म्हणजे मुख्यतः लॅटिन. पोरांकडून धातू घोकून घ्यायचे, त्याला प्रत्यय लावून सगळी रूपं म्हणून घ्यायची. वर्तमानकाळ झाला की भूतकाळ, मग भविष्य, मग आज्ञा, मग इच्छा, मग शक्यता. आपल्याकडे पाढे पाठ करतात तसं.

पण देशातलं वातावरण बिघडलं होतं. गादीवर राणी एलिझाबेथ पहिली होती आणि राज्याचा धर्म प्रोटेस्टंट. थॉमस कॅथलिक. उघडपणे कॅथलिक राहायचं म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवायची. थॉमस पाउंड नावाचा त्याचा मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जायचं आणि जेझुइट पंथात सामील व्हायचं ठरवलं. पण निघण्याआधीच पाउंडला अटक झाली. स्टीफन्स एकटाच निसटला आणि १५७५ मध्ये रोममध्ये जेझुइट झाला.

रोममध्ये शिकत असताना त्याने पूर्वेकडे जायची परवानगी मिळवली. त्या काळात जेझुइट मंडळी जपानपासून ब्राझीलपर्यंत जात होती आणि भारतात त्यांचं मोठं ठाणं होतं गोवा. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाज सुटलं. आफ्रिकेला वळसा घालून, वादळं, आजारपण आणि पाण्याची टंचाई सोसत ते २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. सहा महिन्यांहून जास्त प्रवास.

गोव्यात पोहोचल्यावर पंधरवड्यातच, १० नोव्हेंबरला, त्याने वडिलांना प्रवासाची सगळी हकिकत सांगणारं लांबलचक पत्र लिहिलं. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून ज्याचं नाव निश्चितपणे घेता येतं, तो हाच. हॅकलुट नावाच्या संपादकाने इंग्रज दर्यावर्दींच्या प्रवासवर्णनांचा मोठा संग्रह छापला, त्यात हे पत्र आलं. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती स्थापन झाली १६०० मध्ये.

आपले तुरुंगात आहेत म्हटल्यावर

स्टीफन्स आले ते पोर्तुगीज गोव्यात. पण वर्षभरातच चित्र बदललं. १५८० मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालच्या गादीवरही बसला आणि पुढची साठ वर्षं दोन्ही देशांचा राजा एकच राहिला. म्हणजे स्टीफन्स यांची गोव्यातली जवळपास सगळी हयात स्पॅनिश राजाच्या अमलाखाली गेली. इकडे इंग्लंड आणि स्पेन हाडवैरी. १५८८ मध्ये तर स्पेनने इंग्लंडवर आरमारच धाडलं. जन्माने इंग्रज, धर्माने कॅथलिक, काम शत्रूच्या राज्यात. स्टीफन्स यांची अवस्था अशी होती.

याचा एक किस्सा इतिहासात प्रसिद्ध आहे. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे साथीदार इंग्लंडहून खुष्कीच्या मार्गाने व्यापारासाठी निघाले. होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना हेर समजून पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं. त्यांच्यासाठी धावपळ करणाऱ्यांमध्ये फादर स्टीफन्स होते. त्यांच्या खटपटीने या लोकांना जामीन मिळाला. पुढे फिच गोव्यातून निसटला, अकबराच्या राज्यातून थेट ब्रह्मदेशापर्यंत फिरला आणि १५९१ मध्ये लंडनला परतला. भारताबद्दलची त्याची माहिती पुढे इंग्रज व्यापाऱ्यांच्या चांगलीच कामाला आली.

साष्टीतली चाळीस वर्षं

स्टीफन्स यांना गोव्यात धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची रवानगी झाली साष्टीत. ही आपल्या मुंबईची साष्टी नव्हे. दक्षिण गोव्यात मडगावच्या आसपासचा जो भाग आहे, त्यालाही साष्टी म्हणतात. मडगाव, रायतूर आणि आजूबाजूची गावं, इथेच त्यांचं पुढचं बहुतेक आयुष्य गेलं. रायतूरला पोर्तुगीज राशोल म्हणत. तिथे जेझुइटांचं कॉलेज होतं आणि स्टीफन्स काही काळ साष्टीतल्या या कॉलेजचे रेक्टरही होते.

ही साष्टी तेव्हा जखमी होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं होतं. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. कोणी घरातले देव घेऊन नदीपलीकडे गेले, कोणी मागे राहून धर्म बदलला. या सगळ्यामागे जी सत्ता होती, तिच्याच बाजूने स्टीफन्स आले होते. ही गोष्ट झाकून त्यांचं चरित्र सांगता येत नाही.

जुलै १५८३ मध्ये त्याचा भडका उडाला. कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा बघायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केलं. त्यात अकबराच्या दरबारात जाऊन आलेले रुडॉल्फ अक्वाविवाही होते. मृतदेह ताब्यात घेऊन त्यांचं दफन करण्याच्या कामात स्टीफन्स होते. पुढे कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आलं आणि तिथे त्यांना मारण्यात आलं. आज कुंकळ्ळीत त्या गावप्रमुखांचं स्मारक आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्स यांनी भावाला एक पत्र लिहिलं. कुंकळ्ळीच्या घटनेला तीन महिनेच झाले होते. या पत्रात भाषेबद्दल एक निरीक्षण आहे. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी असल्याचा विल्यम जोन्सचा सिद्धांत शाळेत सगळे शिकतात, तो १७८६ चा. स्टीफन्स यांनी नातं ओळखलं होतं त्याच्या दोनशे वर्षं आधी. फक्त त्यांचं पत्र घरातल्यांसाठी होतं, जगासाठी नव्हतं.

पण हे त्यांना दिसलं कसं? याचं उत्तर विंचेस्टरच्या त्या घोकंपट्टीत आहे. लॅटिनमध्ये धातूला प्रत्यय लागतो आणि कोण बोलतंय, कधी बोलतंय, घडलंय की नुसतंच वाटतंय, हे सगळं त्या शेपटातून कळतं. इंग्रजीत हे फार थोडं उरलेलं आहे. साष्टीतल्या बायाबापड्यांच्या तोंडी मात्र ते जसंच्या तसं जिवंत होतं.

पुराण मागणारा माणूस

मूळ पुराणं बंद केलीत, देवळं गेली, सण गेले. मग आम्ही वाचायचं काय, ऐकायचं काय? ‘क्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीला एक ब्राह्मण स्टीफन्स यांना साधारण हेच विचारतो. आधीची पुराणं तुम्ही मना केलीत, तर तशीच दुसरी तुम्ही आम्हाला का करून देऊ नयेत, असा त्याचा मुद्दा. ही घटना जशीच्या तशी घडली असो किंवा कवीने रचलेली असो, प्रश्न खरा होता. आणि तो सत्तेच्या माणसाने आपल्याच पुस्तकात लिहून ठेवला, हे महत्त्वाचं.

स्टीफन्स यांनी त्याचं उत्तर दिलं ओवीत. ज्ञानेश्वर आणि एकनाथांनी जो छंद घराघरांत पोहोचवला, त्याच छंदात त्यांनी बायबलची कथा मराठीत सांगितली. सुमारे ११ हजार ओव्या, दोन भाग. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. लोकांना समजावं म्हणून मराठीत कोकणी शब्दही मिसळले. सुरुवातीलाच मराठी भाषेची स्तुती आहे. रत्नं, फुलं, पक्षी, झाडं अशी एकेक घेऊन त्यांच्यातल्या सर्वोत्तमाशी ते मराठीची बरोबरी करतात. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने केलेलं हे वर्णन मराठी भाषा दिनाला दरवर्षी कुठे ना कुठे फिरत असतंच.

पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा अडचण आली लिपीची. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी मागितली होती. रोमन लिपीला दोन डझन अक्षरं पुरतात. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. ते खिळे काही तयार झाले नाहीत. शेवटी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. मराठी ओव्या, इंग्रज कवी, पोर्तुगीज छापखाना, रोमन अक्षरं.

पुढे ते चर्चमध्ये आणि घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या म्हटलं गेलं. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाताशी नाही. हस्तलिखितांमधून ते टिकलं. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला त्याची रोमन आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते पुण्यातून देवनागरीत आणलं.

मग व्याकरण कशाला?

पुराण मराठीत होतं, कारण ग्रंथांची आणि कीर्तनाची भाषा मराठी होती. पण साष्टीत घरात, शेतात, बाजारात चालायची कोकणी. युरोपातून येणाऱ्या नव्या पाद्रीला लोकांशी बोलायचं तर कोकणी यायलाच हवी. दुभाष्या ठेवून कोणाचं दुःख ऐकता येत नाही.

म्हणून स्टीफन्स यांनी आणखी दोन पुस्तकं केली. एक धर्माची प्रश्नोत्तरं, कोकणीत. दुसरं कोकणीचं व्याकरण, पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं, म्हणजे शिकणाऱ्या परक्याला कळावं असं. पोर्तुगीज लोक कोकणीला ‘कानारीं’ म्हणत. त्यामुळे पुस्तकाचं नाव पडलं ‘आर्ते दा लिंगोआ कानारीं’. आर्ते म्हणजे कला, पण त्या काळी व्याकरणाच्या पुस्तकालाच आर्ते म्हणायची रीत होती.

ही रीत आली होती लॅटिनवरून. १४९२ मध्ये, कोलंबस निघाला त्याच वर्षी, आंतोनियो दे नेब्रिहा याने स्पॅनिशचं व्याकरण छापलं. युरोपातल्या बोलीभाषेचं हे पहिलं छापील व्याकरण. त्याने लॅटिनचा साचा घेतला आणि त्यात स्पॅनिशची क्रियापदं बसवली. ‘आर’ने संपणारी, ‘एर’ने संपणारी आणि ‘इर’ने संपणारी असे तीन गट केले. आजही स्पॅनिशच्या कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात हेच तीन गट शिकवतात. पोर्तुगालच्या मानुएल आल्वारेस या जेझुइटाचं लॅटिन व्याकरण १५७२ मध्ये आलं आणि जगभरच्या जेझुइट शाळांमध्ये पोहोचलं. मिशनरी जिथे गेले तिथे हाच साचा गेला. मेक्सिकोत नाहुआत्ल, पेरूत केचुआ, गोव्यात कोकणी.

साचा थोडक्यात असा. क्रियापद घ्या. त्याचा न बदलणारा भाग वेगळा काढा. मग बदलणारी शेपटं कप्प्यांमध्ये लावा. एक कप्पा घडणाऱ्या गोष्टींचा, एक आज्ञेचा, एक इच्छेचा, एक जर-तरचा.

पगारच चालवून बघू

हे नुसतं वाचून डोक्यात शिरणार नाही, म्हणून आपल्या लाडक्या क्रियापदावरच करून बघू.

स्पॅनिशमध्ये ‘त्यांनी पैसे दिले’ याला म्हणतात ‘पागारोन’. त्यातलं शेवटचं ‘रोन’ काढून टाका. उरलं ‘पागा’. आता त्याला ही शेपटं लावा:

मी: पागारा
तू: पागारास
तो, ती: पागारा
आम्ही: पागारामोस (जोर ‘गा’वर)
तुम्ही: पागाराइस
ते, त्या: पागारान

झालं. हाच इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह. ‘एर’ गटातलं कोमेर, म्हणजे खाणं, घेतलं तर ‘त्यांनी खाल्लं’ होतं कोमिएरोन, म्हणून कोमिएरा. ‘इर’ गटातलं बिबिर, म्हणजे जगणं, त्याचं बिबिएरोन, म्हणून बिबिएरा. दोन्ही गटांची शेपटं एकच. विशेष म्हणजे एरवी वाकडी चालणारी क्रियापदंही इथे नियम मोडत नाहीत. ‘त्यांनी’चं भूतकाळी रूप पाठ असलं की पुढचं आपोआप येतं.

याच्या जोडीला दुसरा एक संच आहे: पागासे, पागासेस, पागासे, पागासेमोस, पागासेइस, पागासेन. अर्थ तोच. बोलण्यात पहिला संच जास्त चालतो. पोर्तुगीजमध्ये मात्र या कामाला दुसऱ्या संचाची भावंडंच वापरतात आणि ‘रा’वाली रूपं वेगळ्या भूतकाळासाठी राखलेली आहेत. एकाच आईच्या दोन लेकींनी वाटणी वेगवेगळी केली, एवढंच.

आता खरा प्रश्न. हे वापरायचं कधी?

पहिला प्रसंग. त्यांनी पगार द्यावा असं मला वाटत होतं. इथे ‘द्यावा’च्या जागी पागारान.

दुसरा प्रसंग. त्यांनी आत्ता पगार दिला असता तर मी घरी गेलो असतो. इथे ‘दिला असता’च्या जागी पागारान.

बघा, मराठीत आपण दोन वेगळी हत्यारं वापरली. इच्छेला ‘वा’ आणि जर-तरला ‘असता’. जुन्या वळणाच्या मराठीत तर नुसत्या ‘ता’वर भागायचं: पाऊस पडता तर पीक येतं. स्पॅनिश दोन्ही कामं एकाच रूपाकडून करून घेते. उलट आपण ‘द्यावा असं वाटतं’ आणि ‘द्यावा असं वाटत होतं’ या दोन्हींत ‘द्यावा’ तसाच ठेवतो. स्पॅनिशमध्ये वाटणं भूतकाळात गेलं की देणंही बदलतं. आज वाटत असेल तर पागेन, तेव्हा वाटत असेल तर पागारान. आणखी एक फरक म्हणजे, आपल्याकडे गेलो असतो आणि गेले असते असा बाई-पुरुषाचा भेद आहे. स्पॅनिशमध्ये या रूपात तो नाही.

एक धोक्याची सूचना. वरचं जर-तरचं वाक्य आजच्या परिस्थितीबद्दल आहे, पगार अजून झालेला नाही. गेल्या महिन्याची गोष्ट असेल तर स्पॅनिशला मदतीचं क्रियापद लागतं: उबिएरान पागादो. मराठीत ‘दिला असता’ दोन्हीकडे चालून जातं, म्हणून आपल्या पोरांची गल्लत होते. चूक त्यांची नाही. मराठीने जिथे एक दार ठेवलंय तिथे स्पॅनिशने दोन ठेवलीत.

स्टीफन्स यांच्यासमोर हेच कोडं उलटं होतं. लॅटिनच्या एका कप्प्यात बसणारा अर्थ इथे दोन-तीन रूपांत विखुरलेला. लॅटिनमध्ये नसलेला बाई-पुरुषाचा भेद इथे क्रियापदात घुसलेला. साचा लॅटिनचा, माल कोकणीचा. तो नुसता कोंबून चालणार नव्हता. दरवेळी कोणाला तरी विचारायचं, तू हे कधी म्हणतोस, कोणाला म्हणतोस. शिकवणाऱ्यांची नावं पुस्तकावर येत नाहीत. पण रायतूरच्या आसपासच्या माणसांनी तोंडाने म्हणून दाखवल्याशिवाय यातली एक ओळही लिहिता आली नसती.

मेल्यानंतर छापलं गेलं

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. इंग्लंड सोडल्यापासून चाळीसहून अधिक वर्षं झाली होती आणि ते परत कधीच गेले नाहीत.

त्यांच्या हयातीत छापलं गेलं ते फक्त पुराण. कोकणी प्रश्नोत्तरं १६२२ मध्ये रायतूरहून निघाली. कोकणीतलं हे पहिलं छापील पुस्तक मानलं जातं. व्याकरणाला आणखी वेळ लागला. दियोगो रिबेरो आणि इतर जेझुइटांनी त्यात भर घातली आणि १६४० मध्ये ते रायतूरच्या कॉलेजातून बाहेर आलं. आधुनिक भारतीय भाषेचं छापलं गेलेलं हे पहिलं व्याकरण.

याच मंडळींनी आणखी एक काम केलं. रामायण-महाभारताच्या इथल्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. भाषा शिकायची तर लोक काय ऐकत मोठे झाले ते वाचायला हवं, एवढा साधा हिशेब. ती हस्तलिखितं आज पोर्तुगालमध्ये ब्रागा शहरात आहेत. जी पुराणं साष्टीत मना होती, ती पाद्रींच्या वह्यांत शिल्लक राहिली.

मग आलं १६८४. पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने फर्मान काढलं: लोकांनी स्थानिक भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून घ्यावी. ज्या सत्तेच्या माणसाने या भाषेचं व्याकरण बांधलं, त्याच सत्तेने ती बंद करायची ठरवली.

फर्मानाने भाषा मरत नसते. घरात ती चालूच राहिली. पण शिक्षणातून, कागदातून ती हद्दपार झाली आणि शिकलेल्या लोकांनाही वाटायला लागलं की कोकणीला व्याकरणच नाही, ती नुसती बोली आहे. असं कोणी म्हटलं की उत्तर द्यायला हातात पुस्तक लागतं. ते पुस्तक होतं. १८५७ मध्ये कुन्हा रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने स्टीफन्स यांचं व्याकरण गोव्यात पुन्हा छापलं आणि कोकणीची बाजू उचलून धरली. पुढे १९८७ मध्ये कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. हे घडवलं कोकणी माणसांनी, चळवळ करून. पण आमच्या भाषेला नियम आहेत हे सांगणारा सगळ्यात जुना छापील पुरावा १६४० चा होता. आज गोव्यात पर्वरीला कोकणीवर संशोधन करणारी जी संस्था आहे, तिला थॉमस स्टीफन्स यांचंच नाव आहे.

स्टीफन्स यांचा हेतू धर्मप्रसार होता, भाषेची सेवा नव्हे. हे ते स्वतःही लपवत नाहीत. त्यांना नायक करायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पण एखाद्या माणसाची इच्छा, पस्तावा, जर-तर त्याच्याच भाषेत समजून घ्यायचं तर त्या भाषेच्या क्रियापदांपुढे विद्यार्थी होऊन बसावं लागतं, एवढं त्यांच्या आयुष्यातून नक्की दिसतं. हुकूम सोडायला आज्ञार्थ पुरतो. समोरच्याला काय हवं होतं आणि काय मिळालं नाही हे कळायला पुढचा कप्पा शिकावा लागतो.

शिरवण्याहून बेलापूर काही लांब नाही. तिथल्या पडक्या किल्ल्यावर कधीकाळी पोर्तुगीजांचा अंमल होता, अठराव्या शतकात तो मराठ्यांनी घेतला. पोर्तुगीज गेले. पाव, बटाटा, चावी, बादली आणि पगार मात्र इथेच राहिले.

तेव्हा पुढच्या वेळी सात तारीख उलटली आणि खात्यात काही पडलं नाही, तर एवढं लक्षात ठेवा. ‘पगार झाला असता तर’ असं म्हणताना तुम्ही जे व्याकरण वापरता, ते शिकायला एक माणूस सहा महिने समुद्रावर काढून आला होता. आणि स्पॅनिशच्या ॲपवर अडला असाल तर ‘पागारोन’मधलं ‘रोन’ काढून ‘रा’ लावा. पुढचा धडा उघडेल.